दुसऱ्याच्या नांवाचा अर्ज

सर्वपित्री अमावास्येच्या आदल्या रात्रीं उडदाची डाळ भिजत घालावयाची, ही आमच्या घरची जुनी वहिवाट आहे. 2025 सालीं ही अमावास्या 21 सप्टेंबरास, रविवारीं, आली होती. आमच्या वडिलांचें श्राद्ध आम्ही याच तिथीस करतों. चिरंजीव सहा वर्षांपूर्वीं अमेरिकेस गेले. तेव्हांपासून पितृपक्षांत ते घरीं असण्याचा हा पहिलाच योग. नातू आजोबांच्या पिंडाला नमस्कार करणार म्हणून आमच्या मातोश्री, वयाला ऐंशी वर्षें झालीं असतांहि, दोन दिवस आधींपासून तीळ, दर्भ, आमसुलें, द्रोण यांची मोजदाद करीत बसल्या होत्या. श्राद्धाची तयारी कोणी इतक्या हौसेनें करतें काय, असें सौभाग्यवतींनीं हंसत विचारलें, तेव्हां त्या म्हणाल्या, "हल्लीं लग्नाला कोण येतो? माणसें जमायचीं तीं मेलेल्यांच्याच निमित्तानें."

शनिवारीं पहांटे शेजारच्या खोलींत फोन एकसारखा वाजूं लागला. थोड्या वेळानें चिरंजीव आमच्या दारांत येऊन उभे राहिले. "बाबा, मला आत्तांच निघायला पाहिजे," एवढेंच ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावरून आम्हांस वाटलें, तिकडे कोणाचें तरी कांहीं बरेंवाईट झालें असावें. झालें होतें तें निराळेंच.

आदल्या दिवशीं, म्हणजे 19 तारखेस, अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रंप यांनीं एका जाहीरनाम्यावर सही केली होती. एच-वन-बी या वर्गाच्या व्हिसावर परदेशांतून माणूस आणावयाचा असल्यास मालकानें 1,00,000 डॉलर भरावे, ते भरले नसल्यास त्या माणसास देशांत प्रवेश मिळणार नाहीं, असा त्याचा मजकूर. त्या दिवसांच्या भावानें ही रक्कम सुमारें 88 लक्ष रुपयांची होते. अंमल रविवारीं मध्यरात्रीं 12 वाजून 1 मिनिटानें, आमच्या घड्याळांत रविवारीं सकाळीं साडेनऊच्या सुमारास, सुरू व्हावयाचा होता. हा नियम नव्या अर्जांनाच लागू आहे, कीं पूर्वींच मंजुरी मिळून सुटीपुरते बाहेर गेलेले लोकहि त्यांत सांपडणार, हें जाहीरनाम्यावरून कोणासच नीट उमगेना. वाणिज्यमंत्री हॉवर्ड लटनिक यांनीं तर ही रक्कम दरसाल भरावी लागेल असें पत्रकारांस सांगून टाकलें. अशा स्थितींत कंपन्यांच्या वकिलांनीं जें केलें तें वकिलांच्या स्वभावास धरूनच होतें. जे बाहेर असतील त्यांनीं मुदतीच्या आंत परत यावें, आणि जे आंत असतील त्यांनीं बाहेर पाऊल टाकूं नये, अशीं पत्रें रातोरात रवाना झालीं. त्यांतलेंच एक पत्र आमच्या घरीं येऊन पोहोंचलें होतें.

सात वाजतां आम्हीं पुणें सोडलें. निघतांना मातोश्रींना नातवाच्या हातावर कांहीं ठेवावयाचें होतें. पण वडे व्हावयाचे ते दुसऱ्या दिवशीं, आणि नैवेद्य दाखविण्यापूर्वीं त्यांतलें कांहीं देतां येत नाहीं. अखेर त्यांनीं एक गुळाचा खडा त्याच्या तळहातावर ठेवला. घाटांत पाऊस होता. मुलगा सारा वेळ फोनवर तिकीट शोधीत होता, आणि तिकिटाचा भाव लोणावळ्याला एक, खालापुरास दुसरा आणि पनवेलीस तिसरा, असा चढत गेला. शेवटीं आखातांतल्या एका विमानतळावर विमान बदलून जाणारें एक तिकीट, येतांना पडलेल्या भाड्याच्या तिपटीनें, हातीं लागलें. घाईंत तें पुढें न्यूयॉर्कला मुदतीपूर्वीं पोहोंचतें कीं नाहीं याचा हिशेब आम्ही दोघांनींहि बोटांवर मोजून पाहिला. अर्थशास्त्राचा प्राध्यापक आणि संगणकशास्त्राचा पदवीधर यांनीं मोटारींत बसून बोटें मोजावीं, हें दृश्य मोठें मनोरंजक असेल; आम्हांस तेव्हां तें तसें वाटलें नाहीं.

मुंबईच्या विमानतळावर तिकिटावांचून आंत जातां येत नाहीं. कांचेच्या दारापलीकडे मुलगा दिसेनासा झाल्यावरहि विमान सुटेपर्यंत परतावयाचें आम्हांस धैर्य होईना, म्हणून बाहेरच्या कठड्यापाशीं एका बांकावर बसून राहिलों. त्याच बांकावर खेड तालुक्यांतलें एक कुटुंब बसलें होतें. कर्ता पुरुष पन्नाशीच्या आंतबाहेरचा, रियाधला एका घरीं ड्रायव्हर म्हणून 14 वर्षें नोकरीस असलेला. त्याचें विमान संध्याकाळीं होतें. हातांत प्लास्टिकच्या पाकिटांत कागद, आणि तें पाकीट तो क्षणभरहि खालीं ठेवीत नव्हता. आमची हकीकत त्यानें विचारून घेतली, लक्षपूर्वक ऐकली, आणि मग म्हणाला:

"म्हणजे साहेब, तुमच्या मुलाच्या कफिलानं पैसे भरले नाहींत तर त्याला आंत घेणार नाहींत. असंच ना?"

कफील हा शब्द आम्ही वर्तमानपत्रांतून वाचून होतों. आखाती देशांत परदेशी कामकऱ्यास आपल्या जबाबदारीवर ठेवून घेणारा जो धनी, तो कफील. त्याच्या नांवावर कामकऱ्याचा परवाना, त्याच्या इच्छेवर त्याची नोकरी बदलणें, आणि कित्येक ठिकाणीं त्याच्याच संमतीवर त्याचें देश सोडून घरीं येणें. आम्ही त्या गृहस्थास जरा वडिलकीच्या सुरांत सांगूं लागलों, कीं अमेरिकेंत तसें नसतें, तेथें कायद्याचें राज्य आहे, मुलगा शिकलेला आहे, वगैरे. त्यानें ऐकून घेतलें. "तें बरोबर," तो म्हणाला, "पण अर्ज कोणाच्या नांवाचा असतो?"

आम्हांस क्षणभर उत्तर सुचलें नाहीं, कारण अर्ज मालकाच्या नांवाचाच असतो.

आपल्या धन्याविषयीं त्याची तक्रार नव्हती. माणूस चांगला आहे, पगार वेळच्या वेळीं देतो, ईदेला कपडे करतो. "पण आई गेली तेव्हां तो उमऱ्याला गेला होता. त्याचा फोन लागेना. परत जायच्या परवानगीसकट सुटीचा कागद त्यानं काढून द्यायचा. आठ दिवस गेले. मी आलों तेव्हां दहावाहि होऊन गेला होता." 2021 सालीं सौदी सरकारनें नियम सैल केले व मालकाच्या संमतीवांचून नोकरी बदलण्याची आणि देशाबाहेर जाऊन येण्याची वाट कामकऱ्यांस मोकळी करून दिली, हें आम्ही त्यास विचारलें. तो हंसला. "तें कंपनीवाल्यांना, साहेब. त्या वेळीं आमच्या गांवच्या कंपनीवाल्या पोरांनीं पेढे वाटले. घरचे ड्रायव्हर, घरकामवाले, माळी, गुराखी त्यांत नव्हते." पुढें आम्हीं ताडून पाहिलें, तो म्हणाला तें अक्षरशः खरें होतें. शेजारच्या कतारनें देश सोडण्यास मालकाची परवानगी लागण्याची अट 2018 सालीं बहुतेक कामकऱ्यांपुरती काढली, तीहि घरकाम करणाऱ्यांस वगळून. त्यांची पाळी 2020 सालीं आली. उंबऱ्याच्या आंत राबणाऱ्या माणसापर्यंत कायदा नेहमीं सर्वांच्या शेवटीं पोहोंचतो.

आम्ही रात्रीं घरीं आलों. मध्यरात्रीच्या सुमारास वॉशिंग्टनहून खुलासा प्रसिद्ध झाला: रक्कम एकदांच भरावयाची, दरसाल नव्हे, ती नव्या अर्जांपुरतीच, ज्यांच्याजवळ व्हिसा आहे त्यांच्या जाण्यायेण्याशीं तिचा कांहीं संबंध नाहीं. चिरंजीव त्या वेळीं युरोपावर कोठें तरी आकाशांत होते. मुदतीच्या तास-दीड तास आधीं ते उतरले. तेथील अधिकाऱ्यानें लोणचें वगैरे आणलें आहे काय एवढें विचारून दोन मिनिटांत शिक्का मारला. ज्या नियमासाठीं मुलगा श्राद्ध टाकून धांवत सुटला, तो नियम त्याला लागूच नव्हता.

रविवारीं दुपारीं श्राद्ध यथासांग झालें. गच्चीवर ठेवलेल्या पानाला कावळा बराच वेळ शिवेना. मातोश्री काठी टेंकीत वर गेल्या, कांहीं तरी पुटपुटल्या, आणि मग तो शिवला. काय पुटपुटल्या तें त्यांनीं सांगितलें नाहीं, आम्हींहि विचारलें नाहीं.

त्या ड्रायव्हरचा प्रश्न मात्र आमच्या मनांतून जाईना. आम्ही कागदपत्रें काढून बसलों. अमेरिकेच्या 1990 च्या कायद्यानें हा एच-वन-बी वर्ग निर्माण केला. त्यांतील अर्जदार असतो मालक. कामकरी हा त्या अर्जाचा लाभार्थी. ज्याच्या आयुष्याची ही सारी उलथापालथ, त्याला स्वतःसाठीं अर्ज करतां येत नाहीं. परवाना तीन वर्षांचा, वाढवून सहांचा. दरसाल नव्या 85,000 जागा. पैकीं 20,000 अमेरिकेंतच वरची पदवी घेतलेल्यांच्या. इच्छुक अधिक झाल्यास सोडत. 2024 या सरकारी वर्षांत मंजूर झालेल्या अर्जांपैकीं शेंकडा 71 भारतीयांचे होते. म्हणजे ही सोडत मुख्यतः आमच्यासारख्यांच्याच घरांतली. या सोडतीसाठीं नांव नोंदवावयास 2020 सालीं 10 डॉलर पडत. 2025 च्या वसंतांत ते 215 झाले, आणि त्याच वर्षाच्या शरदांत त्याच्यापुढें लाखाचा आंकडा येऊन उभा राहिला.

कायदा अगदींच निर्दय आहे असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं. 2000 सालीं त्यांत सुधारणा झाली आणि नव्या मालकानें अर्ज दाखल करतांच त्याच्याकडे रुजू होण्याची सोय मिळाली. 2017 पासून नोकरी सुटल्यास दुसरी शोधण्यास साठ दिवसांपर्यंत अवधि मिळूं लागला. पण दुसरी नोकरी म्हणजेहि दुसरा मालक, दुसरा अर्ज. त्या साठ दिवसांत घर, मोटार, मुलांची शाळा हें सर्व साठ दिवसांच्या दोरीला टांगलेलें असतें. आणि कायमचें राहण्याचा परवाना मिळेपर्यंत, असें म्हणावें, तर नोकरीवरून मिळणाऱ्या त्या परवान्यांत कोणत्याहि एका देशास शेंकडा सातांहून अधिक वांटा सामान्यतः मिळत नाहीं. चिमुकल्या बेटाला जेवढा, तेवढाच भारतालाहि. त्यामुळें आपल्या लोकांस दहा दहा वर्षांहून अधिक काळ तिष्ठावें लागलें आहे.

अमेरिकन लोकांची तक्रारहि खोटी नाहीं. कंपन्यांनीं या व्हिसाचा धंदा केला. 2023 च्या सोडतीस 7 लक्ष 80 हजारांहून अधिक नोंदी आल्या, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक नोंदी अशा, कीं एकाच माणसाचें नांव अनेक कंपन्यांनीं घातलेलें. दुसऱ्या वर्षीं नियम बदलला: सोडतींत अर्ज मोजावयाचे नाहींत, पारपत्राच्या क्रमांकावरून माणसें मोजावयाचीं. नोंदी झपाट्यानें उतरल्या. आमच्या मतें या वर्गाच्या अलीकडच्या इतिहासांत सर्वांत शहाणपणाचा नियम कोणता असेल तर तो हा. कारण त्यांत प्रथमच मालकाच्या पाठीमागें असलेला माणूस सरकारला दिसला.

लाख डॉलरांच्या नियमाचें समर्थन असें करण्यांत येतें, कीं परदेशी माणूस महाग केला म्हणजे मालक स्वदेशी माणसास काम देईल. आम्ही वर्गांत मागणी-पुरवठ्याच्या रेषा काढून हेंच शिकवीत आलों आहों, तेव्हां तें समूळ चुकीचें आहे असें म्हणणें आम्हांस शोभणार नाहीं. पण परदेशी माणूस स्वस्त कां पडतो, हा प्रश्न त्या रेषांत येत नाहीं. तो पुष्कळदां स्वस्त पडतो तो त्याला सहजासहजीं उठून जातां येत नाहीं म्हणून. ज्याचा राहण्याचा हक्क मालकाच्या अर्जाला बांधलेला, तो पगारवाढ मागतांना खालच्या आवाजांत मागतो, रविवारीं काम आलें तर करतो, आणि त्याच्या शेजारच्या टेबलावरील अमेरिकन मनुष्यालाहि मग आवाज चढवितां येत नाहीं. या गांठीमुळें नुकसान दोघांचेंहि होतें. ती गांठ सैल करण्याऐवजीं तिच्यावर 88 लक्षांचें कुलूप घातलें, तर ज्या मालकानें एका माणसासाठीं एवढी रक्कम मोजली, तो त्या माणसाकडे कोणत्या नजरेनें पाहील? पैसे वसूल होईपर्यंत तरी तो त्याला सुखासुखीं जाऊं देईल काय? बड्या कंपनीला ही रक्कम झेंपेल. आडगांवच्या इस्पितळाला, शाळेला झेंपणार नाहीं. पुढें ऑक्टोबरांत असाहि खुलासा झाला, कीं अमेरिकेंतच शिकत असलेल्या विद्यार्थ्यानें तेथल्या तेथें वर्ग बदलून घेतल्यास ही रक्कम पडणार नाहीं. म्हणजे भार आला तो मुख्यतः बाहेरून येणाऱ्यावर. तेथल्या वाणिज्य-मंडळानें या नियमाविरुद्ध दावा लावला. डिसेंबरांत खालच्या न्यायालयानें सरकारच्या बाजूनें निकाल दिला.

हें सर्व वाचीत असतां आम्हांस गोखल्यांची आठवण झाली. फर्ग्युसनमध्यें प्राध्यापकी केलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनीं 1912 च्या मार्चांत वरिष्ठ कायदेमंडळांत गिरमिटाची पद्धत समूळ बंद करावी असा ठराव मांडला, आणि तो फेटाळला गेला. त्यांच्या आक्षेपांत मजुरीचा दर, बोटींतले हाल हें तर होतेंच. पण मुळाशीं गोष्ट ही होती, कीं अजाण माणसानें स्वतः न निवडलेल्या धन्याला, न पाहिलेल्या देशांत, ठराविक वर्षें बांधून घ्यावयाचें, आणि मोडल्यास फौजदारी. कोंकणांतले कित्येक मराठी कामकरी याच वाटेनें मॉरिशसच्या उंसाच्या मळ्यांत गेले. ही भरती 1917 सालीं थांबली. तें पाहावयास गोखले राहिले नव्हते.

आमच्या चिरंजिवांची तुलना त्या गिरमिट्यांशीं करणें हा त्या गरिबांचा अपमान होईल, हें आम्ही जाणतों. वातानुकूलित खोलींत बसून पोटभर पगार घेणाऱ्यानें स्वतःला गुलाम म्हणवून घेऊं नये. रियाधच्या त्या ड्रायव्हरशींहि त्यांची तुलना पुरती जमत नाहीं. दहावी न झालेल्या माणसाला तिकडे जाण्यासाठीं आपल्याच सरकारची 1983 च्या कायद्याखालची निराळी परवानगी लागते, तिच्या फेऱ्या त्या बिचाऱ्यानें मारल्या होत्या. पण तिघांच्याहि कागदावर वरच्या रकान्यांत दुसऱ्याचें नांव आहे. पगारानें रकाना बदलत नाहीं, ही गोष्ट आम्हांस खेडच्या एका ड्रायव्हरनें बांकावर बसल्या बसल्या दाखवून दिली.

आणि खरें सांगावयाचें तर आम्हीं ती कधींच पाहूं इच्छिली नव्हती. गेलीं सत्तावीस वर्षें आम्ही विद्यार्थ्यांस परदेशीं जाण्यासाठीं शिफारसपत्रें देत आलों. त्यांच्या प्रती एका फडताळांत आहेत. पितृपक्षानंतरच्या एका दुपारीं त्या काढून पाहिल्या. मुलगा बुद्धिमान आहे, मुलगी कष्टाळू आहे, चारित्र्य उत्तम आहे. इंग्रजी भाषाहि कांहीं पत्रांत बरी साधली आहे. विद्यापीठ कोणतें, कर्ज किती, पगार किती, यांवर आम्हीं त्या मुलांशीं तासन् तास बोललों. पण शिक्षण संपल्यावर तुझा अर्ज कोणाच्या नांवानें होईल, आणि त्या नांवाच्या माणसाशीं पटलें नाहीं तर तूं काय करशील, असें एकासहि विचारलेलें आठवत नाहीं. स्वतःच्या मुलालाहि नाहीं. त्याच्या पहिल्या परवान्याची बातमी आली तेव्हां आम्हीं महाविद्यालयांत पेढे वाटले होते.

चिरंजिवांच्या पारपत्रावरील व्हिसाची छापील मुदत त्याच सप्टेंबरअखेर संपली. मालकानें त्यांची नोकरीची परवानगी आणखी तीन वर्षें वाढवून घेतली आहे. पण ती निराळ्या कागदावर, आणि तो कागद तेथें राहण्यापुरता. एकदां बाहेर पडलें कीं मुंबईच्या वकिलातींत जाऊन पुन्हां शिक्का घ्यावयाचा. 2025 च्या डिसेंबरांत या वर्गाच्या अर्जदारांची समाजमाध्यमें तपासण्याचा नवा नियम निघाला, आणि ज्यांना त्या महिन्याच्या तारखा मिळाल्या होत्या त्यांतल्या पुष्कळांच्या महिनेच्या महिने पुढें गेल्या. सुटीला म्हणून आलेले कित्येक लोक येथेंच अडकून पडले. तेव्हां कंपनीच्या वकिलांचें नवें पत्र आलें: प्रवास टाळावा.

या वर्षीं मातोश्रींचें सहस्रचंद्रदर्शन करावयाचें आम्हीं योजिलें होतें. सभागृह पाहिलें होतें, गुरुजींना सांगून ठेवलें होतें. मुलाचें पत्र आल्यावर दोन दिवस आम्ही तें त्यांना सांगितलें नाहीं. तिसऱ्या दिवशीं, त्या सुपारी कातरीत बसल्या असतां, सांगितलें. त्यांनीं वर पाहिलें नाहीं.

"अरे, हजार चंद्र बघून झाले," त्या म्हणाल्या, "हजारावर दहा-बारा आणखी बघीन. त्या मालकाला म्हणावें, घाई नाहीं."

गुरुजींना आम्हीं तूर्त थांबावयास सांगितलें आहे.